सव्वातीनच्या आधी

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार पश्चिमेतल्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग पेटला. अधिकाऱ्यांनी सांगितलेली वेळ सव्वातीनच्या आसपासची. त्या दिवशीच्या बातम्या तिथूनच सुरू होतात आणि बंब परतले की संपतात. वायरिंग, हवा आणि दरवाजे बघणाऱ्या माणसाला मात्र घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं. खालचा घटनाक्रम म्हणून चार महिने आधी सुरू होतो. रात्री अकरा ते तीन या तासांबद्दल लिहिलेलं त्या एका रुग्णालयावरचा आरोप म्हणून वाचू नका. त्या वर्षी घाईघाईने उभारलेल्या बहुतेक अतिदक्षता विभागांना ते वर्णन लागू पडतं.

१८ डिसेंबर २०२०

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला. ऑगस्टमध्ये अहमदाबादचं श्रेय रुग्णालय जळलं होतं, आठ रुग्ण गेले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस राजकोटला उदय शिवानंद रुग्णालयात तेच झालं. न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमा आणि जिल्हा पातळीवर समिती करून महिन्यातून किमान एकदा तपासणी करा. महिन्यातून एकदा म्हणजे विरारच्या पहाटेपर्यंत चार तपासण्या व्हायला वेळ होता.

९ जानेवारी २०२१, रात्री दीड ते दोन

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. काही भाजून, बाकीची धुराने गुदमरून. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विद्युत भागातल्या ठिणगीवर. मुख्यमंत्री येऊन गेले, मंत्री येऊन गेले, निलंबनं झाली, आणि राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचा हुकूम सुटला.

ऑडिट या शब्दाने आपल्याकडे फार माणसं झोपवली आहेत. ऑडिट करणारा येतो, लाल सिलिंडरवरची तारीख बघतो, पाण्याची टाकी बघतो, नळीला दाब आहे का ते बघतो. हे बघायलाच हवं. पण भंडाऱ्यात आग लागली ती पाळण्यावरच्या उपकरणात, आणि त्या उपकरणाच्या वायरी तपासणं अग्निशमनवाल्याच्या यादीत नसतं. बायोमेडिकल इंजिनिअर असलाच तर तो यंत्र चालतंय का ते बघतो. इलेक्ट्रिशियन सॉकेटपर्यंत येतो. सॉकेट आणि यंत्र यांच्यामधला दीड मीटर कोणाचा, हे बहुतेक रुग्णालयांत ठरलेलं नसतं.

जानेवारी, महिनाभर

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी हे प्रमाणपत्र घ्यायचं असतं: बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढंच ते सांगतं. त्यातला ‘बसवलेली’ हा शब्द महत्त्वाचा. मधल्या सहा महिन्यांत इमारतीत काय बदललं, याबद्दल फॉर्म बी काहीच विचारत नाही. आणि त्या वर्षी बदल आठवड्याला होत होते. जनरल वॉर्ड होता तिथे अतिदक्षता विभाग आला, दहा खाटांच्या जागी पंधरा-सतरा आल्या, एक एसी होता तिथे तीन बसले.

बदलाची नोंद कुठे ठेवतात ते बघायला आता थोडं उत्तरेला, बोईसरला जाऊया. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. तिथल्या तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात वेल्डरला नुसती ठिणगी पाडायची असली तरी आधी हॉट वर्क परमिट लागतं. कुठे, किती वाजता, शेजारी काय साठवलंय, फायर वॉचर कोण, सगळं लिहून सुपरवायझरची सही. रिॲक्टरच्या आत माणूस उतरवायचा तर वेगळं परमिट, आणि उतरण्याआधी मीटरने आतल्या हवेतला ऑक्सिजन मोजायचा: साडेएकोणीस ते साडेतेवीस टक्क्यांच्या मध्ये असला तरच आत जायचं. प्लॅंटमध्ये एखादा पंप बदलला, पाइपचा मार्ग फिरवला, तरी मोठ्या कंपन्यांत ‘मॅनेजमेंट ऑफ चेंज’चा कागद फिरतो. हा बदल केल्याने दुसरं काय बिघडेल, हे चार खात्यांनी विचारायचं असतं. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, त्याची ही परंपरा. त्या कायद्यात हजार किंवा अधिक कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागत होता.

तारापूरचं कौतुक करायला हे लिहीत नाही. बोईसरच्या माणसाला स्फोट नवा नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तिथल्या रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसं मेली, आणि अशा घटना आधीही झाल्या, नंतरही झाल्या. परमिटची पुस्तकं काम झाल्यावर भरली जातात, हेही तिथे सगळ्यांना माहीत असतं. तरीसुद्धा पुस्तक असतं. नियम मोडला हे दाखवता येतं. रुग्णालयात दोन एसी आणि सात खाटा वाढवताना तसं पुस्तकच नव्हतं.

२५ मार्च, रात्र

भांडुपचा ड्रीम्स मॉल. तिसऱ्या मजल्यावर सनराइज रुग्णालय होतं. आग मॉलमध्ये लागली, मध्यरात्रीच्या सुमारास धूर रुग्णालयात शिरला आणि कोविडचे रुग्ण दगावले. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर रुग्णालय कसं, हा प्रश्न मुंबईच्या महापौरांनीही दुसऱ्या दिवशी विचारला. उत्तर साधं होतं: खाटा हव्या होत्या.

२१ एप्रिल, दुपार

नाशिक महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय. टँकरमधून टाकीत द्रव ऑक्सिजन भरताना गळती झाली. आवार पांढऱ्या धुक्याने भरलं, वॉर्डातला दाब पडला आणि बावीस रुग्ण त्या दुपारी गेले. टाकी आहे, ऑक्सिजन आहे, डॉक्टर आहेत, पण झडप बंद करून दुसऱ्या मार्गाने पुरवठा चालू करण्याची घडी बसलेली नाही, तर काय होतं ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. विरारच्या पहाटेला अजून दोन दिवसही उरले नव्हते.

२२ एप्रिल, रात्री ८

‘ब्रेक द चेन’चे नवे, कडक निर्बंध लागू झाले. लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांपुरती उरली. त्या दिवशी राज्यात सुमारे ६७ हजार नवे रुग्ण नोंदले गेले.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा निघाला, पण महासाथ आली तेव्हाही जिल्हा रुग्णालयाची इमारत उभी नव्हती. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय होतं, डहाणूला उपजिल्हा रुग्णालय होतं, बाकी बहुतेक ग्रामीण रुग्णालयं. श्वास लागलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक दोन दिशांना धावत: उत्तरेला वापी-वलसाडकडे, नाहीतर दक्षिणेला वसई-विरार आणि मुंबईकडे. त्या एप्रिलमध्ये नालासोपाऱ्यात ऑक्सिजनअभावी रुग्ण दगावल्याचे आरोप झाले होते. अशा दिवसांत कोणी खाट देतो म्हणाला तर खाटेवरचा एसी कधी बसवला, हे विचारणारा नातेवाईक अजून जन्माला यायचा आहे.

विजय वल्लभ चार मजली. त्या रात्री तिथे नव्वदच्या आसपास रुग्ण होते, त्यातले सतरा अतिदक्षता विभागात.

रात्री ११

इथून पुढचे चार तास कोणत्याही वर्तमानपत्रात नाहीत, कारण या तासांत काहीच घडत नाही. सगळं साचत जातं.

दीड टनाचा स्प्लिट एसी साधारण आठ अँपिअर खेचतो. त्याच्या सर्किटला सोळा किंवा वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की पडणारा खटका, असतो. आता समजा, टर्मिनलवरचा एक स्क्रू थोडा सैल आहे. तिथे अर्धा ओहम अवरोध तयार झाला. आठचा वर्ग चौसष्ट, गुणिले अर्धा: बत्तीस वॅट. तेवढ्या एका स्क्रूवर बत्तीस वॅट उष्णता, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. एमसीबीला मात्र काहीच कळत नाही. त्याला दिसतो तो आठ अँपिअर प्रवाह, अगदी नेहमीचा. म्हणून ‘एमसीबी पडला कसा नाही’ हा प्रत्येक आगीनंतर विचारला जाणारा प्रश्न चुकीचा असतो. सैल जोडाविरुद्ध एमसीबी आंधळा आहे. तो जोड दिवसाउजेडी थर्मल कॅमेऱ्याने दिसतो, आणि तो कॅमेरा तारापूरच्या सबस्टेशनमध्ये नित्य वापरात आहे.

घरचा एसी रात्री सहा-आठ तास चालतो, दिवसा थंड होतो. अतिदक्षता विभागातला एसी त्या काळात महिनोन्महिने बंद झाला नव्हता. पीपीई किट घातलेल्या नर्सला तो बंद करून कसं चालेल? सर्व्हिसिंगला मेकॅनिक आत यायला तयार नव्हता, आणि त्यातही त्याची चूक नव्हती. फिल्टरवर धूळ बसते, मोटर जास्त तापते, वायरीचं आवरण कडक होत जातं. उष्णता दिवसाला थोडी थोडी आवरण खाते. ते संपलं की ठिणगीला हवी असते फक्त वेळ.

रात्री १२

आता हवेकडे.

प्रौढ माणसाचं शरीर मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतं. हाय फ्लो नेझल कॅन्युला, म्हणजे नाकात बसवलेली नळी, मिनिटाला साठ लिटरपर्यंत वायू देऊ शकते. दाबाने श्वास देणाऱ्या बायपॅपच्या मास्कच्या कडेने गळती असतेच. म्हणजे रुग्णाला दिलेल्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग खोलीत परत येतो. हा कुठल्या नर्सचा हलगर्जीपणा नाही, उपचाराची पद्धतच तशी आहे.

साधा हिशेब करून बघू. बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली घ्या, ३६० घनमीटर. पंधरा रुग्ण, प्रत्येकाला सरासरी मिनिटाला तीस लिटर शुद्ध ऑक्सिजन. तासाला सत्तावीस घनमीटर ऑक्सिजन खोलीत येतो. बाहेरची हवा आत येण्याची सोय नसेल, तर एका तासात खोलीतलं ऑक्सिजनचं प्रमाण एकवीस टक्क्यांवरून साडेसव्वीसच्या वर जातं. तारापूरला याच आकड्यावर माणसाला टाकीत उतरू देत नाहीत. साडेतेवीसच्या वर गेलं की कापूस, फोम, प्लॅस्टिक, माणसाचे केस, सगळं लवकर पेटतं आणि जोराने जळतं. अंगावरचं पांघरूण तेच असतं, पण त्याचा स्वभाव बदललेला असतो.

त्याच खोलीत तासाला सहा वेळा बाहेरची ताजी हवा खेळवली तर प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास थांबतं. एवढाच फरक, आणि तो पंख्याचा आणि डक्टचा आहे. स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. ज्याला अतिदक्षता विभाग म्हणायचं त्याला एअर हँडलिंग युनिट, बाहेरच्या हवेचा ठरलेला वाटा आणि वेगळा एक्झॉस्ट लागतो. विषाणू बाहेर काढायलाही तोच लागतो, ऑक्सिजन बाहेर काढायलाही तोच. एका यंत्रणेत दोन्ही कामं होतात, आणि खर्च वाचवताना पहिली काट तिलाच लागते. खिडक्या तर थंडावा राखायला आधीच सीलबंद केलेल्या असतात.

माझ्या मते २०२०-२१ च्या आगींमधला सगळ्यात कमी चर्चिला गेलेला मुद्दा हाच. सगळे ठिणगी शोधत राहिले. ठिणग्या रुग्णालयात नेहमीच पडत होत्या. त्या वर्षी त्या पडत होत्या ती हवा वेगळी होती.

रात्री १

दरवाजे. कार्यालयाला किंवा सिनेमागृहाला आग लागली की माणसं जिन्याने खाली पळतात. अतिदक्षता विभागातला माणूस पळत नाही. म्हणून रुग्णालयाची सुटका आडवी आखायची असते: त्याच मजल्यावर धूर अडवणारी भिंत, त्यात आग थोपवणारा दरवाजा, आणि पलीकडे तेवढ्याच खाटा मावतील अशी जागा. खाट चाकांवर ढकलत पलीकडे न्यायची, दरवाजा लावायचा. मग जिन्याचा विचार करायला वेळ मिळतो. राष्ट्रीय इमारत संहितेत रुग्णालयांसाठी हा विभागणीचा विचार आहे.

पण मजला कार्यालयासाठी किंवा दुकानांसाठी बांधलेला असेल तर ती भिंत नसते. असली तर तिच्यातून एसीच्या तांब्याच्या नळ्या, ऑक्सिजनची पाइप, इंटरनेटच्या केबल गेलेल्या असतात आणि भोकं उघडी राहिलेली असतात. कोविडमध्ये नातेवाईक आत येऊ नयेत म्हणून दारांना कड्या लागल्या. जिन्याच्या चौकात रिकाम्या सिलिंडरची रांग लागली. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी शहाणपणाचाच वाटत होता.

रात्री २

माणसं. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण हलवायला चार जण लागतात. एक हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबतो, एक सिलिंडर आणि औषधांचा पंप सांभाळतो, दोघे खाट ओढतात. व्हेंटिलेटरची बॅटरी काही काळ टिकते, पण यंत्र भिंतीतल्या पाइपला जोडलेलं असतं, आणि आग लागली तर ती पाइप बंद करायची असते. विभागाच्या बाहेर भिंतीत एक झडप असते, एरिया झडप, काचेच्या पेटीत. ती फिरवली की त्या विभागाचा ऑक्सिजन थांबतो. फिरवली नाही तर आगीला ऑक्सिजन मिळत राहतो. फिरवली तर जो रुग्ण अजून आत आहे त्याचा श्वास थांबतो. हा निर्णय कोणी घ्यायचा, कोणाच्या शब्दावर, किती सेकंदात? ज्यांनी कवायत केली त्यांनाच ते ठाऊक असतं. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून पाळ्या चालतात आणि आसपासच्या गावांनाही आपत्कालीन सराव माहीत आहे. रात्रपाळीत व्हेंटिलेटरच्या रुग्णाला ढकलत नेण्याचा सराव केलेलं खासगी रुग्णालय मला दाखवा, मी पेढे घेऊन येतो.

पहाटे ३

रात्रपाळीचा सगळ्यात जड तास. कोलकात्याचं आमरी रुग्णालय ९ डिसेंबर २०११ रोजी याच सुमाराला पेटलं होतं. आग तळघरात लागली, धूर वरच्या मजल्यांवर चढला, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक आगीपासून दूर, आपापल्या खाटेवर गुदमरली.

३.१३ ते ३.२०

विरार. अतिदक्षता विभागातल्या एसी युनिटमध्ये स्फोट झाला आणि आग लागली, असं जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाने नंतर सांगितलं. ‘एसीचा स्फोट’ ऐकलं की गॅसची टाकी फुटल्यासारखं डोळ्यांपुढे येतं. स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर भिंतीबाहेर असतो. आतल्या युनिटमध्ये असतात सर्किट, पंख्याची मोटर आणि प्लॅस्टिकचा खोका. ऐकू आलेला आवाज अनेकदा आगीच्या सुरुवातीचा नसून पहिल्या मिनिटाचा शेवट असतो.

असा एसी पेटला की प्लॅस्टिक वितळून जळते थेंब खाली पडतात. खाली खाट असते. गादीतला फोम पेटतो. छताजवळ काळ्या धुराचा थर जमतो आणि मिनिटभरात माणसाच्या छातीपर्यंत उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, पीव्हीसी जळल्यावर निघणारा आम्लवायू असतो. फुप्फुसं आधीच अर्धी बंद पडलेल्या माणसाला त्यातले दोन-चार श्वास पुरे होतात. दिवे जातात. बाहेर काढायचं तर सतरा रुग्ण गुणिले चार माणसं, हा हिशेब जगातलं कुठलंही रुग्णालय पहाटे सव्वातीनला पूर्ण करू शकत नाही. म्हणून हिशेब धुराची भिंत आणि पाणी फवारणारे स्प्रिंकलर यांच्यावर टाकायचा असतो, जे झोपत नाहीत.

त्या वेळी विभागात डॉक्टर-नर्स होते की नव्हते, यावर नातेवाईक एक सांगत होते, रुग्णालय दुसरं. हा वाद पुढे पोलिसांकडे गेला.

५.२०

वसई-विरार महापालिकेच्या अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली. सतरापैकी चौघे जिवंत बाहेर आले. तेरा जण गेले. ज्यांना सतत ऑक्सिजन लागत होता अशा इतर मजल्यांवरच्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवावं लागलं, त्या एप्रिलमध्ये, जेव्हा कुठेच खाट नव्हती. पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा आणखी वाढला.

सकाळ

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. राज्याकडून पाच लाख, महापालिकेकडून पाच लाख, पंतप्रधान मदत निधीतून दोन लाख. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्या तोंडून ‘ही राष्ट्रीय बातमी नाही’ अशा अर्थाचं वाक्य निघालं आणि दिवसभर टीव्हीवर फिरलं. नंतर त्यांनी खुलासा केला. त्या वाक्यावर जेवढा वेळ गेला तेवढा त्या खोलीत ताज्या हवेची सोय होती का, या प्रश्नावर गेला असता तर बरं झालं असतं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, व्यवस्थापनातल्या दोघांना अटक झाली.

२४ एप्रिल, रात्र

बगदादमधलं इब्न अल-खतीब रुग्णालय. कोविडचा विभाग, ऑक्सिजनचे सिलिंडर, स्फोट, आग. ऐंशीहून अधिक मृत्यू. विरार आणि बगदाद यांच्यात दोन रात्रीही नव्हत्या. गरीब देशांत यंत्रणा ढिली असते, एवढ्यावर हे भागत नाही. सगळ्या जगाने एकाच वर्षी साध्या खोल्यांत ऑक्सिजनचा पूर सोडला होता आणि त्या खोल्यांना त्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

२८ एप्रिल

मुंब्रा. प्राइम क्रिटिकेअर रुग्णालय. पहाटे आग, चार मृत्यू. पाचच दिवस झाले होते.

६ नोव्हेंबर २०२१, सकाळ

तेव्हाचं अहमदनगर, जिल्हा रुग्णालय. कोविडसाठी नव्याने उभारलेला अतिदक्षता विभाग. वेळ सकाळी अकराच्या आसपास, म्हणजे अंधाराचा, झोपेचा, रात्रपाळीचा काही संबंध नाही. इमारत सरकारी, म्हणजे खासगी हव्यासाचाही नाही. विभागात सतरा रुग्ण होते. अकरा गेले.

भंडारा, विरार, अहमदनगर. रात्र, पहाट, दिवस. सरकारी, खासगी, सरकारी. दोषी माणूस शोधायला गेलो तर तीन वेगळी माणसं सापडतात. दोषी पद्धत शोधली तर एकच सापडते: खोलीचा वापर बदलला आणि त्या बदलावर कोणाचीच सही नव्हती. वायरीचा भार वाढला, हवेची गरज वाढली, बाहेर काढायच्या माणसांची संख्या वाढली, आणि या तिन्ही गोष्टी एका कागदावर कधी आल्या नाहीत. डॉक्टरांना याबद्दल शिक्षा करणं म्हणजे बस उलटली म्हणून कंडक्टरला पकडणं. रुग्णालयाला इमारत चालवणारा माणूस लागतो, पूर्ण वेळ, पगारी. एसी बसवायला आलेल्याला ‘आधी लोड कॅल्क्युलेशन दाखव’ म्हणण्याचा आणि खाट वाढवायला निघालेल्या मालकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला. असा माणूस तारापूरच्या मध्यम आकाराच्या कारखान्यातही असतो. पन्नास खाटांच्या रुग्णालयात तो बहुतेक वेळा वॉचमन, लिफ्टमन आणि इलेक्ट्रिशियन हे तिन्ही मिळून एक असतो, आणि त्याला तुटपुंज्या पगारात राबवतात.

पालघर, बोईसर, डहाणूकरांना एवढंच सांगायचं आहे. आपल्या जिल्ह्यात नवी रुग्णालयं उभी राहतील, जुन्यांचे मजले वाढतील. उद्घाटनाला गेलात तर सिटी स्कॅन मशिन बघा, पण त्यानंतर अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभे राहून ऑक्सिजनची झडप कुठे आहे ते विचारा. ताजी हवा कुठून येते ते विचारा. आणि पुढच्या जानेवारीत, पुढच्या जुलैत, ज्या रुग्णालयात आपला माणूस ठेवला आहे त्यांच्याकडे फॉर्म बी मागा. तारीख वाचा.